दाराकडचं स्टूल

बाई फोनवर कधीच हॅलो म्हणायच्या नाहीत. फोन उचलला की थेट, "वंदना, बारीक तार कुठे ठेवलीस?" किंवा "कार्बन सुकला का?" एवढंच. मी भाजी चिरत असले, बसच्या रांगेत असले, कुठेही असले तरी त्यांच्या मनात मी त्यांच्या टेबलासमोरच बसलेली असायचे. त्यामुळे त्या सकाळी कैलासचा डबा भरताना त्यांच्या नंबरवरून फोन आला आणि पलीकडून पुरुषाच्या आवाजात कोणीतरी "हॅलो" म्हणालं, तेव्हाच मला कळलं. तरी मी विचारलं, "बाई आहेत ना?" पलीकडे त्यांचे धाकटे भाऊ होते, नाना. म्हणाले, झोपेतच गेली, त्रास नाही झाला. मी "बरं" म्हटलं, डब्याचं झाकण लावलं, मग उघडून भाजी घातलीय का ते बघितलं, परत लावलं, परत उघडलं... कैलास म्हणाला, "अगं, किती वेळा उघडशील?" मी म्हटलं, "बाई गेल्या." कैलास माझा नवरा, स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात बफिंगचं, म्हणजे भांड्यांना चकाकी आणायचं काम करतो, उशीर झालेला तिथे चालत नाही. त्या दिवशी तो चप्पल घालून दारात उभा राहिला आणि गेलाच नाही.

त्याला आता काही आठवडे झाले. तेव्हापासून माझे हात जागेवर राहत नाहीत. काहीतरी चाचपत असतात. आधीही मी धास्तीचीच बाई. कुलूप लावून जिना उतरले की परत वर जाऊन ओढून बघणार, गावाकडून अवेळी फोन आला की आधी देवाला हात जोडणार, मग हॅलो. गाव माझं वाशिम जिल्ह्यात. लग्न होऊन भाईंदरला आले तेव्हा वाटलं होतं, सणाला जाता येईल. आता आई फोनवर विचारते, "कधी येतीस?" आणि मी म्हणते, "बघू." बाईंकडे जायला लागल्यावर हे जरा कमी झालं होतं. जिना उतरल्यावर एकदाच वर जायचे.

बाई म्हणजे शालिनी गुप्ते. मुंबईत ज्युनिअर कॉलेजात त्यांनी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीच्या सुमारास मीरा रोडला पूर्वेला एक लहानसा फ्लॅट घेऊन राहायला आल्या. एकट्याच होत्या. खालच्या मजल्यावर अफरीन नावाची मुलगी राहते, तिला जन्मापासून दिसत नाही. तेव्हा ती सातवी-आठवीत असेल. एक दिवस लिफ्टमध्ये तिनं बाईंना विचारलं, "मॅम, आप क्या पढाती थीं?" बाई म्हणाल्या, केमिस्ट्री. "वो क्या होता है?" बाईंनी सांगायला तोंड उघडलं आणि थांबल्या. त्या मला म्हणायच्या, "अगं, माझा उजवा हात आपोआप वर गेला. खडू शोधत होता. फळ्याशिवाय मला एक वाक्य बोलता येईना." लिफ्ट उघडली, अफरीन खाली उतरली, बाई आतच राहिल्या, लिफ्ट पुन्हा वर गेली. त्यानंतर त्यांनी घरातला सोफा काढून टाकला आणि बाहेरच्या खोलीत मोठं टेबल आणलं.

मी तेव्हा भाईंदर पूर्वेला इमिटेशन ज्वेलरीच्या गाळ्यात होते. खडे चिकटवायचे, तार वळवायची, मणी ओवायचे. एके दुपारी चष्मा लावलेल्या, पांढऱ्या केसांच्या एक आजी गाळ्यात शिरल्या आणि मण्यांच्या परातीत हात घालून, डोळे मिटून बसल्या. बाकीच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. शेठ म्हणाला, "बेन, देखके लो ना." त्या म्हणाल्या, "देखना ही तो नहीं है." मला राहवेना. मी विचारलं, "आजी, काय शोधताय?"

"कार्बन," त्या म्हणाल्या.

"तो इथं नाही मिळत. पुढच्या गाळ्यात विचारा."

त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच हरवले होते आणि मीच सापडले. "शाळा किती झाली तुझी?" हा प्रश्न मला कोणी विचारला की मी आधी हातातलं काम खाली ठेवते, मग उत्तर देते. आठवीची शाळा दुसऱ्या गावात होती, आई आजारी होती, घरात दुसरं कोणी नव्हतं, हे सगळं सांगत बसायचं नसतं. म्हटलं, "सातवी."

"म्हणजे अणू, रेणू, संयुग... काहीच नाही?"

"नाही."

"उत्तम!" बाई इतक्या मोठ्यांदा म्हणाल्या की शेठनं मान वर केली. माझ्या आयुष्यात माझ्या शाळेबद्दल हा शब्द पहिल्यांदाच कोणी वापरला होता, आणि मला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. रागच आला होता. पण त्यांनी पत्ता सांगितला आणि सुट्टीच्या दिवशी ये म्हणाल्या, आणि मी गेले. का गेले, ते आजही सांगता येणार नाही.

त्यांच्या टेबलाला दोन बाजू होत्या. खिडकीकडे एक खुर्ची, ती बाईंची. दाराकडे एक लाकडी स्टूल, ते माझं. बाई तिकडे बसून शाळेत रसायनशास्त्र शिकवायला मणी-तारेची वस्तू बनवायच्या आणि मी इकडे बसून ती मला कळतेय का ते सांगायचं. बस, हेच काम. बाई माझ्या डोळ्यांवर नॅपकिन बांधायच्या आणि वस्तू पुढे सरकवायच्या. कधी कानात कापूस घालायला लावायच्या आणि ओठही हलवायच्या नाहीत. कधी म्हणायच्या, आज फक्त डावा हात. एकाच डब्यातली वस्तू न दिसणाऱ्या मुलाला कळली पाहिजे, ऐकू न येणाऱ्याला कळली पाहिजे, ज्याचा एक हात चालत नाही त्यालाही, आणि ज्याला सगळं दिसतं-ऐकू येतं पण डोक्यात शिरायला वेळ लागतो त्यालाही. नियम एकच होता, बाईंनी तोंडानं काही समजवायचं नाही. "शाळेत मी सोबत जाणार नाहीये. वस्तूनं स्वतः बोलायला पाहिजे," त्या म्हणायच्या. मी "कळलं" म्हटलं तर वस्तू कपाटात. "नाही कळलं" म्हटलं तर टेबलाखालच्या वेताच्या टोपलीत. तिला आम्ही नापासांची टोपली म्हणायचो. गावच्या शाळेत "नाही कळलं" म्हटलं की वर्ग हसायचा आणि गुरुजी छडी शोधायचे. इथे मी "नाही कळलं" म्हटलं की बाई उठून चहा ठेवायच्या आणि विचारायच्या, "कुठे अडलीस? नीट सांग. बोट कुठे थांबलं?" माझ्या न कळण्याचा कोणाला उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. पहिले काही दिवस मी घरी जाऊन कैलासला सांगायचे, "आज मी चार वस्तू नापास केल्या," आणि तो म्हणायचा, "बघ हं, उगाच सवय लागेल. उद्या माझा नंबर."

पहिला डबा बनला तो फक्त अफरीनसाठी. खरखरीत मण्यांचा कार्बन, म्हणजे साध्या मण्याला डिंक लावून वर लाकडाचा भुसा. गुळगुळीत मोत्याचा ऑक्सिजन. बारीक दाण्यासारखा हायड्रोजन. अफरीननं तो शाळेत नेला आणि दुसऱ्या दिवशी परत आणला. "मॅम, अच्छा है. पर मेरे लिए अलग डब्बा आया ना, तो सब लोग दूर बैठ गए. टीचर ने बोला, वो अफरीन का है, हाथ मत लगाओ." बाईंनी त्या डब्यावरची अफरीनच्या नावाची चिठ्ठी नखानं खरवडून काढली. त्यानंतर आमच्याकडे कोणासाठी वेगळा डबा बनला नाही. वर्गाला एकाच तऱ्हेचे डबे, सगळ्यांच्या हातात. मण्यांना रंग असायचा, पोत असायचा, झाकणावर ठिपक्यांची लिपी, बाजूला मोठ्या अक्षरात मराठी आणि हिंदी. ज्याला जे लागेल ते त्यानं घ्यावं.

डबे शाळांमध्ये जायचे, परत यायचे, आणि ते तपासणं, धुणं, मणी भरणं माझ्याकडे होतं. सुरुवातीला एखादा मणी कमी आला की मी तीन-तीनदा मोजायचे. गाळ्यात मणी हरवला की बोलणी बसायची, तीच सवय. बाईंचं उलटं. मणी हरवले, तार तुटली, झाकणाला चिक्कीचा चिकट हात लागलाय, की त्या खूश. "हरवलं म्हणजे हाताळलं, वंदना!" आणि एखाद्या शाळेतून डबा जसाच्या तसा, चकचकीत परत आला की त्यांचं डोकं फिरायचं. अशा एका शाळेतल्या सरांना त्यांनी फोनवर विचारलेलं मी ऐकलंय, "तपासणीला साहेब आले तेव्हा दाखवायला काढला होतात ना? आणि परत कुलपात?" पलीकडून ते काय म्हणाले कोण जाणे. बाई म्हणाल्या, "मग पुढच्या वेळी मी रिकामाच डबा पाठवते. कुलपात तोही चांगला दिसेल."

आता त्या पाण्याबद्दल सांगते, कारण बाईंबद्दल लिहायचं तर हे लिहिलंच पाहिजे, असं नाना म्हणाले.

उत्तनकडच्या, समुद्राकाठच्या एका शाळेत डबे जायचे होते. बाईंनी पाण्याचे रेणू बनवून ठेवले होते. मध्ये मोती, दोन बाजूंना दोन बारीक दाणे, तारेनं जोडलेले. बाई काही कामाला बाहेर गेल्या होत्या. मी डबे भरायला बसले आणि बघते तर काय, सगळे वाकडे! एकही सरळ रेषेत नाही. मला वाटलं, बाईंचे हात थरथरतात हल्ली, वळवताना वाकडं झालं असेल. गाळ्यात असला माल गेला असता तर शेठनं तोंडावर फेकला असता. मी पक्कड घेतली आणि एकेक करून सगळे सरळ केले. एका दिशेला तोंड करून, ओळीत, नीट भरले. बाई आल्या, त्यांनी डब्यात हात घातला आणि बोटं फिरवता फिरवता त्यांचा चेहरा बदलला.

"वंदना, हे काय गं?"

"वाकडे झाले होते बाई, सरळ केले. लोक काय म्हणतील?"

बाई आधी खुर्चीवर बसल्या आणि मग खुर्चीवरून खाली जमिनीवर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या. "अगं बाई, तू उत्तनचा अख्खा समुद्र उडवून लावलास!" मला काही कळेना, मी रडकुंडीला आले. मग त्यांनी पहिल्यांदाच नियम मोडून मला तोंडानं सांगितलं. पाणी वाकडं असतं. वाकडं आहे म्हणून त्याची एक बाजू दुसऱ्याच्या दुसऱ्या बाजूला ओढते, एकमेकांना धरून राहतं, म्हणून ते पाणी आहे. सरळ असतं तर धरायला काही उरलं नसतं, सगळं वाऱ्यावर गेलं असतं. समुद्र नाही, खाडी नाही, आपण नाही. त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून ते सगळे पुन्हा वाकडे केले. एक सरळ त्यांनी ठेवून दिला आणि दाराच्या खिळ्याला टांगला. म्हणाल्या, "वंदनाला काही वाकडं दिसलं की आधी विचारायचं." पण गंमत अशी की त्यातूनच पुढची वस्तू निघाली. त्यांनी वाकड्या रेणूंच्या टोकांना बारीक लोहचुंबक बसवले, सरळ काही तसेच ठेवले. मूठभर वाकडे हलवले की एकमेकांना चिकटून गोळा होतात, सरळ सुटे पडतात. मी डोळे बांधून हलवले आणि म्हटलं, "कळलं." त्याच डब्याचे मणी सगळ्यात जास्त हरवतात.

एकदा बाई मला घेऊन उत्तनजवळच्या चौक गावाला गेल्या, बसनं. तिथल्या एका मुलीला ऐकू येत नाही, शाळेनं तिला सायन्सच्या तासाला बाहेर बसवलं होतं. तिची आई मासळी खारवत बसली होती. बाईंनी ओसरीवर मिठाचा स्फटिक ठेवला, म्हणजे दोन तऱ्हेचे मणी एकाआड एक, वर खाली, चौकोनी. मुलीनं तो हातात घेऊन फिरवला, मग आईच्या टोपलीतला मिठाचा खडा उचलून शेजारी धरला. आई म्हणाली, "ह्या काय हाय गो? मीठ? एवढ्या मिठात माजी एक मासळी पन खारनार न्हाय!" बाई म्हणाल्या, "अहो, मोठं करून दाखवलंय." "मोठा करून एवराच? मंग बारका कवरा आसंल!" आणि ती स्वतःच हसली. येताना बसमध्ये बाई म्हणाल्या, "बघितलंस? तिनं जो प्रश्न विचारला ना, बारका केवढा, तो माझ्या एकाही बॅचनं विचारला नाही." मी म्हटलं, "ती थट्टा करत होती बाई." "असू दे," बाई म्हणाल्या.

वर्षं अशी गेली. मी गाळा सोडला, बाईंकडेच जायला लागले. आणि मग एक दिवस एक गोष्ट झाली, जिची मला आधी कल्पनाच आली नव्हती. बाईंनी नवी वस्तू सरकवली, मी बोटं लावली आणि लगेच म्हटलं, "कळलं." त्यांनी दुसरी सरकवली. "कळलं." तिसरीला तर मी नॅपकिनच्या आतून सांगितलं, "बाई, इथे एक हायड्रोजन कमी पडलाय." बोलून गेले आणि मला गाळा आठवला. तिथे खडे बसवायचं मशीन आलं तेव्हा शेठनं आम्हा बायकांना ते कौतुकानं दाखवलं होतं, आणि मग निम्म्या जणींना घरी बसवलं होतं. नॅपकिन काढायची हिंमत होईना. तशीच बसून म्हटलं, "बाई, मला आता कळायला लागलंय. म्हणजे मी आता... उपयोगाची नाही ना?"

मला खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्यांनी माझ्या डोळ्यांवरचा नॅपकिन सोडला, मला हाताला धरून उठवलं आणि खिडकीकडच्या खुर्चीवर बसवलं. स्वतः जाऊन माझ्या स्टुलावर बसल्या. "आजपासून तू इकडे." मी विस्तवावर बसल्यासारखी उठले. "नको बाई. मला तिकडेच बरं."

"मी थेट खिडकीकडे बसले," बाई म्हणाल्या. "दाराकडे कधी बसलेच नाही. न कळणं म्हणजे काय, ते विसरून गेले होते. म्हणून इतकी वर्षं माझ्या वर्गात अर्धी मुलं नुसती मान हलवायची. तू दाराकडून आलीयेस. तुला येईल हे."

"आणि नाही आलं तर?"

"तर टोपली आहे."

पण मी बसले नाही. त्यानंतर आमची रोजची हुज्जत व्हायची. त्या खुर्ची पुढे करायच्या, मी स्टूल ओढायचे. "किती घाबरशील?" "तुम्ही आहात ना." "मी काय कायमची आहे?" "असं बोलू नका हं बाई, मी चहा करणार नाही." शेवटच्या दिवसापर्यंत मी दाराकडेच बसले. वस्तू बनवायचे, पण स्टुलावर बसून, जणू अजून मला काही येत नाही.

आमच्या शेवटच्या भेटीत हुज्जत कशावरून झाली? दोन डब्यांवरून. बाईंना मुलांना हे दाखवायचं होतं की काही बदल असे असतात, जे बाहेरून थांबल्यासारखे दिसतात, पण आत दोन्ही बाजूंनी चालूच असतात. झाकण लावलेल्या बाटलीतलं पाणी कमी होत नाही, पण त्यातलं काही सारखं वर उडत असतं आणि तेवढंच परत खाली येत असतं. बाईंनी दोन डबे आणले, दोन्हींत सारखे मणी, सारखेच भरलेले. माझ्या दोन हातांत दोन वाट्या. डाव्या डब्यातली वाटी उजव्यात, उजव्यातली डाव्यात, दोन्ही एकाच वेळी, चालू ठेव. मी डोळे बांधून करत राहिले. मग डब्यांत हात घालून बघितलं. "बाई, हे तर जसंच्या तसं आहे. काही झालंच नाही."

"झालं ना! इतका वेळ तू काय करत होतीस?"

"मला माहितीय मी काय केलं. डब्याला कुठे माहितीय?"

बाईंनी एक सुस्कारा सोडला, मग हसल्या. "बरोबर आहे तुझं. टाक टोपलीत. सोमवारी बघू." मी डबे टोपलीत ठेवले, चप्पल घातली, जिना उतरले, एकदा परत वर गेले, दार ओढून बघितलं. आतून बाई म्हणाल्या, "लागलंय गं." बस, एवढंच.

बाई गेल्यावर नाना फ्लॅट रिकामा करायला आले. चांगला माणूस. विमा ऑफिसातून निवृत्त झालेले, बाईंपेक्षा हळू बोलतात. फ्लॅट दोघा भावंडांच्या नावावर होता, त्यांना भाडेकरू ठेवायचा होता, त्यात काही वावगं नव्हतं. मला म्हणाले, "वंदनाताई, कपाटातलं एखाद्या शाळेला देऊन टाकू या. ठेवायचं काय, टाकायचं काय, तुम्ही सांगा." मी काय सांगणार? शाळेला दिलं म्हणजे कुलपात. वर्षभरात अर्धे मणी हरवणार, ते कोण भरणार? नवं कोण बनवणार, कोणाच्या समोर बसून? हे सगळं माझ्या तोंडाशी आलं आणि मी म्हटलं, "बघू." तोवर नानांनी टेबलाखालची टोपली पुढे ओढली. "हा तर कचराच दिसतोय." माझा हात आपोआप पुढे गेला. "ती नको नाना. ती मी नेते."

शेअर रिक्षात टोपली मांडीवर घेऊन भाईंदरला येत होते. खड्ड्यात रिक्षा उडाली आणि टोपलीतलं सगळं एकमेकांत गेलं. घरी आल्यावर मी ती खाटेखाली सरकवली, परत काढली, परत सरकवली. दोन दिवस काही सुचेना. मग ते दोन डबे काढले आणि दोन वाट्या घेऊन नुसतीच इकडचं तिकडे, तिकडचं इकडे करत बसले. हातांना काम पाहिजे होतं. कैलास म्हणाला, "त्यापेक्षा जपमाळ घे." मी डोळे मिटून करत होते. आणि एका क्षणी उजव्या डब्यात माझ्या बोटाला काहीतरी टोचलं... भुशाचा मणी. कार्बन. टोपलीतल्या कुठल्यातरी नापास डब्यातून सांडून डावीकडे पडला असणार, आणि मी तो माझ्या नकळत उजवीकडे आणला होता. डबे तेवढेच भरलेले होते. पण डब्याला आता माहीत झालं होतं.

मी टोपलीतले सगळे भुशाचे मणी वेचले, डाव्या डब्यात घातले आणि अफरीनला फोन लावला. ती आता अकरावीला आहे, सायन्सला. म्हणाली, "दीदी, टोकरी आपके पास है? मुझे लगा फेंक दी." मी तिला मण्याबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "मैं चेक करूँगी तो पास ही कर दूँगी, मुझे तो आता है. जिसको नहीं आता उसको बिठाओ. और आप खिडकी की तरफ बैठना."

रविवारी मी टोपली घेऊन मीरा रोडला गेले. नाना खोकी बांधत होते. मी म्हटलं, "नाना, तुमची शाळा..."

"बी. कॉम."

"रसायनशास्त्र?"

"दहावीनंतर नाव नाही काढलं. ताई घरात बोलायला लागली की मी बाहेर जायचो."

"उत्तम," मी म्हटलं. माझा माझ्या आवाजावर विश्वास बसेना. "मग जरा इथे बसता का? स्टुलावर."

मी त्यांच्या डोळ्यांवर नॅपकिन बांधला. तोच, बाईंचा. दोन हातांत दोन वाट्या दिल्या, कसं करायचं ते सांगितलं आणि गप्प झाले. वळून बघते तर उरलेली एकच जागा होती. मी खिडकीकडच्या खुर्चीत बसले. नाना आधी संकोचून, मग चांगलेच रमून वाट्या फिरवायला लागले. हात घालून चाचपायचे. "सारखेच आहेत दोन्ही... थांबा. हा खरखरीत कुठून आला? हा तर इकडे होता." परत वाट्या. परत चाचपणं. "आता दोन्हीकडे आहेत. पण डबे तर तेवढेच भरलेत. मग झालं काय नेमकं? आणि हे थांबणार कधी?"

माझ्या जिभेवर आलं होतं, थांबत नाही नाना, तेच तर आहे. पण नियम होता. मी ओठ दाबून बसले. या वस्तूवर ही खोली, मी, सगळंच अवलंबून होतं, आणि हा माणूस अडला होता, आणि मला बोलता येत नव्हतं. नानांनी आणखी काही वाट्या फिरवल्या. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "नाही बुवा. अर्धं कळलं. पूर्ण नाही कळलं."

"मग नापास," मी म्हटलं. "टोपलीत."

"म्हणजे फेकायचं?"

"नाही. म्हणजे सुधारायचं."

त्यांनी नॅपकिन काढला नाही. दोन्ही हात डब्यांवर ठेवून तसेच बसले. मग म्हणाले, "कधीपर्यंत सुधारेल?"

"पुढच्या रविवारी या ना."

"येतो," नाना म्हणाले. "खोकी नका सोडवू एवढ्यात, मी येऊन सोडवतो. भाडेकरूला काय सांगायचं ते मी बघतो." पुढच्या रविवारचंच बोलले ते, त्याच्या पुढचं नाही. मीही विचारलं नाही. धास्ती आहेच. पण चहा ठेवायला मी लगेच उठले नाही, कारण मला तेव्हा एक गोष्ट दिसत होती. इतकी वर्षं मला वाटायचं, बाई खिडकीशी बसतात ते त्यांना उजेड लागतो म्हणून. त्यांची नजर कमी झालीय, बारीक काम असतं. पण त्या खुर्चीत बसलं की उजेड आपल्या पाठीवर येतो, कामावर आपलीच सावली पडते. उजेड पडतो तो दाराकडे, स्टुलावर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर. नॅपकिनच्या वर नानांचं कपाळ कुठे आखडतं, ओठ कुठे थांबतात, सगळं स्वच्छ दिसत होतं.